ओठावर पुन्हा हर्पीस उठतोय, रविवारी भाचीचं बारसं आहे. गोळी कोणती घ्यावी, बाळाजवळ जावं का?

सुदामानगरची_आत्या | बुधवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी,

काल रात्रीपासून खालच्या ओठाच्या उजव्या कडेला चुणचुण सुरू झाली आहे. फोड अजून दिसत नाही, नुसती लाली आहे आणि ओठ ओढल्यासारखा वाटतोय. पण हे काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. कॉलेजात असल्यापासून ऊन तापू लागलं की किंवा सर्दी-ताप होऊन गेला की याच जागी बारीक फोडांचा झुबका उठतो, फुटतो, पिवळट खपली धरतो आणि आठ-दहा दिवस छळून जातो. या वेळी रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी आम्ही सगळे भर दुपारी उन्हात होतो, त्यानंतरच हे सुरू झालं.

एरवी मी मलम लावून गप्प बसले असते. अडचण अशी की रविवारी माझ्या भावाच्या मुलीचं बारसं आहे, बाराव्या दिवशी. सख्खी आत्या मी एकटीच, म्हणजे कानात नाव सांगायचं मीच, तेही तोंड अगदी कानाशी नेऊन. वहिनीला अजून काही बोलले नाही. घरात ‘हर्पीस’ म्हटलं तर कोण काय अर्थ काढेल याची धास्ती वाटते.

मलमापेक्षा गोळी खरंच बरी असते का? आणि रविवारपर्यंत हे इतकं बरं होईल का, की मला बाळाजवळ जाता येईल? अनुभवी लोकांनी कृपया लवकर सांगा.

औषधवाला_रामबाग | बुधवार, सकाळी ९:०५

ताई, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि ते आज दुपारच्या आत. बाकीचं नंतर वाचा.

दवा बाजारात माझी बरीच वर्षं गेली. ओठाच्या फोडांचं गिऱ्हाईक दुकानात यायचं ते बहुतेक खपली धरल्यावर. तेव्हा ट्यूब घेऊन जायचं आणि आठवड्यानं म्हणायचं, औषध काही कामाचं नाही. औषध कामाचं असतं, वेळ निघून गेलेली असते. हा विषाणू ओठावर उठला की पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याची जोरात वाढ होते. अ‍ॅसायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीची औषधं ही वाढ थांबवतात. जखम भरून काढणं हे त्यांचं काम नाही, ते शरीर करतं. म्हणून चुणचुण सुरू असताना घेतलेली एक गोळी खपलीवर चोळलेल्या अख्ख्या ट्यूबपेक्षा मोलाची. तुम्ही आत्ता नेमक्या त्याच वेळेत आहात.

या औषधाबद्दल मला फार आदर वाटतो, म्हणून थोडं जास्त लिहितो. अ‍ॅसायक्लोव्हिर पोटात गेलं की जवळपास निष्क्रिय असतं. विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणूचंच एक एन्झाइम असतं, थायमिडीन कायनेझ. ते या औषधाला जागं करतं. जागं झालेलं औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत घुसतं आणि साखळीची वाढ तिथेच थांबते. निरोगी पेशीत ते एन्झाइम नसल्यामुळे तिला फारसा धक्का लागत नाही. ज्या प्रयोगशाळेत हे औषध घडलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. हे औषध येण्यापूर्वी विषाणूला मारायचं म्हणजे माणसालाही इजा होणार, असंच पुष्कळांना वाटत असे.

नंदलालपुऱ्याच्या_काकू | बुधवार, सकाळी ९:५०

अगं, एवढं घाबरायचं काय त्यात? अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडतो, त्याचे फोड ते. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना आले. साजूक तूप लावायचं, आंबट-तिखट बंद करायचं, आठ दिवसांत साफ. माझ्या सासूबाईंच्या ओठावर असे फोड असायचे आणि त्यांनी घरातली सगळी बाळं अंगाखांद्यावर खेळवली, पापे घेतले. कोणाला काही झालं नाही. आत्यानं नाव नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? शुभकार्यात अशी शंका आणू नये.

त्वचारोग_इंदूर | बुधवार, सकाळी १०:३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इंदुरातच प्रॅक्टिस करते. धाग्यावर औषध लिहून देता येत नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगू शकते.

काकू, तुमचा अनुभव खोटा नाही. पुष्कळ बाळांना काहीच होत नाही, कारण बहुतेक आयांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून असतात आणि ती वारेतून बाळाला मिळतात. पण ज्या आईला हा संसर्ग कधी झालेलाच नाही तिच्या बाळाकडे ती ढाल नसते, आणि कोणाकडे आहे, कोणाकडे नाही हे बाहेरून दिसत नाही. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या अंगात पसरला तर यकृत, फुप्फुसं, मेंदू यांच्यापर्यंत जातो. मग शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर द्यावं लागतं, दोन-दोन तीन-तीन आठवडे, आणि तरीही प्रत्येक बाळ वाचतंच असं नाही. असं क्वचित होतं, हे मी मान्य करते. पण ज्या घरात होतं त्या घराला ‘क्वचित’ या शब्दाचा काही उपयोग नसतो. बाराव्या दिवसाच्या बाळाच्या कानाशी फोड आलेला ओठ नेऊ नये. यात मी जराही सूट देणार नाही.

आता औषध. किडनी ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसासाठी ओठाच्या हर्पीसला व्हॅलासायक्लोव्हिरचा एका दिवसाचा कोर्स असतो: २ ग्रॅम एकदा आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, बस. फॅमसिक्लोव्हिर असेल तर १५०० मिलिग्रॅम एकदाच. साधं अ‍ॅसायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा, पाच दिवस घ्यावं लागतं, कारण ते आतड्यातून कमी शोषलं जातं. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचंच रूप आहे. शरीरात गेल्यावर त्याचं अ‍ॅसायक्लोव्हिर होतं, पण रक्तात पोचतं कितीतरी जास्त. सगळ्यांचा नियम एकच, की पहिल्या चुणचुणीला सुरू करायचं. दिवसभर पाणी भरपूर प्यायचं. काहींचं डोकं दुखतं, मळमळतं, ते निघून जातं.

फायदा किती, तेही सरळ सांगते. गोळीनं सरासरी एखादा दिवस वाचतो. काही जणांना लवकर घेतल्यावर फोड येतच नाही, पण तसं होईल असं धरून चालू नका. अ‍ॅसायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं मलम दिवसातून पाच वेळा लावलं तर अर्धा ते एक दिवस. म्हणजे आज उठलेला फोड रविवारी पूर्ण कोरडा होऊन खपली पडून गेलेली असेल, असं कोणतंही औषध करणार नाही.

आणि हर्पीस या शब्दाची लाज बाळगू नका. ओठावरचा बहुतेक वेळा टाइप १ असतो. तो लहानपणी आजीच्या पाप्यातून, उष्ट्या चमच्यातून येतो आणि कानापुढच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ५० वर्षांखालच्या ३८० कोटी लोकांमध्ये, म्हणजे ६४ टक्के लोकांमध्ये तो होता. वहिनीला आजच सांगा.

सुदामानगरची_आत्या | बुधवार, दुपारी १२:१५

डॉक्टर ताई, मनापासून आभार. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी ओठ पाहिला, किडनीचं, दिवस गेलेत का वगैरे विचारलं आणि तुम्ही म्हणालात तोच एका दिवसाचा कोर्स लिहून दिला. पहिला डोस घेतला, दुसरा रात्री बाराला, गजर लावला आहे. आरशात पाहिलं तर लालीवर आता टाचणीच्या डोक्याएवढे तीन उंचवटे दिसतायत, पाणी अजून भरलेलं नाही. बोट लावायची फार इच्छा होते, पण हात मागे घेते आहे.

गोळी चालू असताना वर मलमही लावायचं का? आणि घरात बाकीच्यांनी काय जपायचं? माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, सारखा गळ्यात पडतो.

औषधवाला_रामबाग | बुधवार, दुपारी १२:५०

गोळीवर मलमाची गरज नाही. खपली धरल्यावर तडकते, रक्त येतं, तेव्हा साधी पेट्रोलियम जेली लावा. डबीत बोट घालून ओठाला आणि पुन्हा डबीत, असं करू नका. कापसाच्या काडीवर थोडी वेगळी काढून घ्या, काडी फेकून द्या. काकूंच्या तुपाचंही तेच. तूप खपली मऊ ठेवतं, त्यात वाईट काही नाही, पण तुपाची ती वाटी मग कोणाच्या पोळीला लावू नये.

दुखलं तर पॅरासिटामॉल. बर्फाचा खडा स्वच्छ रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरला की आग शमते. टॉवेल, ग्लास, लिपस्टिक, लिप बाम वेगळं. घरात कोणी दाढी करत असेल आणि त्याच्या ओठावर फोड असेल तर त्याचं रेझर कोणी वापरू नये. पोह्यांवरचा जीरावन मसाला आठवडाभर विसरा, चिंच-लिंबूही. पाणी फुटलेल्या फोडावर जीरावन काय करतं ते एकदा झालं की कळतं.

मुलाला जवळ घ्या, फक्त तोंडाला तोंड लावू देऊ नका. फोडाला चुकून हात लागला की साबणानं धुवा.

आणि एक कळकळीनं सांगतो. खाज-पुरळ कशालाही चालेल म्हणून दुकानात जी मिश्र मलमं मिळतात, ज्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं, ती ओठाच्या हर्पीसवर लावू नका. लाली दोन दिवस कमी दिसते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर परत ठेवा. चुना, टूथपेस्ट, नेलपॉलिशचं रिमूव्हर हे सगळं लोक लावतात. त्यानं कातडी भाजते आणि बरं व्हायला उलट उशीर लागतो.

दांडियाबाजार_वडोदरा | बुधवार, दुपारी ३:२०

आमच्याकडे वडोदऱ्यात शेजारच्या बहेन मध लावायला सांगतात. मी वाचलं होतं की मध अ‍ॅसायक्लोव्हिर मलमाइतकाच चांगला आहे. खरं आहे का? आणि लायसिनच्या गोळ्या? जिममधले सगळे घेतात.

त्वचारोग_इंदूर | बुधवार, संध्याकाळी ५:१०

तुम्ही वाचलंय ते २०१९ सालचं न्यूझीलंडमधलं संशोधन असणार. ९५२ मोठ्या माणसांपैकी निम्म्यांना अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम दिलं, निम्म्यांना तिथल्या कानुका झाडाच्या मधाचं औषधी क्रीम. मलमवाल्यांचा ओठ पूर्ववत व्हायला मध्यक ८ दिवस लागले, मधवाल्यांचा ९ दिवस. हा फरक दखल घेण्याजोगा ठरला नाही. लोक यातून मध फार गुणकारी असा अर्थ काढतात. मला यातून जास्त हे दिसतं की मलमाचा जोर मुळातच बेताचा आहे. शिवाय तो मध निर्जंतुक केलेला होता, डब्यातला नव्हे. मोठ्यांनी लावला तर हरकत नाही, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, ओठावर लावलेलाही त्याच्या तोंडात जाऊ नये. त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

लायसिननं पुन्हा पुन्हा येणं थांबतं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ते पैसे एसपीएफ ३० च्या लिप बामवर खर्च करा. ज्यांना उन्हानं उठतो त्यांनी मार्चपासून नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपेपर्यंत बाम लावल्याशिवाय दुपारी बाहेर पडूच नये, वर टोपी किंवा ओढणी.

ग्वालियरकर_लष्कर | बुधवार, रात्री ८:४५

डोळ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला ओठावर फोड होता. तो कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. दोन दिवसांनी डावा डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं, ट्यूबलाइटकडे बघवेना. घराजवळच्या दुकानदारानं डोळे आलेत म्हणून थेंब दिले. घातले की तासभर बरं वाटायचं, मग आणखी दुखायचं. नेत्रतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी डोळ्यात पिवळी-केशरी पट्टी टेकवून निळ्या दिव्यात पाहिलं. बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी हिरवी चमकणारी रेघ होती, मलाही दाखवली. म्हणाले, हा हर्पीसच आहे आणि ते थेंब स्टिरॉइडचे आहेत, आधी बंद करा. मग अ‍ॅसायक्लोव्हिरचं डोळ्याचं मलम दिवसातून पाच वेळा, पोटातून गोळ्या. डोळा वाचला. बारीक डाग राहिला आहे, रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्याभोवती त्याला वलय दिसतं.

ओठाचं मलम डोळ्यात घालू नका. डोळ्याचं वेगळं येतं, ३ टक्क्यांचं. ओठावर फोड असताना लेन्स घालूच नका, चष्मा वापरा. डोळा दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसलं किंवा पापणीवर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

नवी_आई_विजयनगर | बुधवार, रात्री ९:३०

माझं बाळ दीड महिन्याचं आहे आणि मलाच सारखे ओठावर फोड येतात. हे सगळं वाचून हातपाय गार पडलेत. अंगावर पाजणं बंद करू का?

त्वचारोग_इंदूर | बुधवार, रात्री १०:००

अजिबात बंद करू नका. दुधातून हा विषाणू जात नाही. स्तनावर किंवा स्तनाग्रावर फोड असेल तर त्या बाजूनं तेवढे दिवस पाजायचं नाही आणि त्याचा तुमच्या दुधाला किंवा कपड्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही, एवढंच. ओठावर फोड असेल तेव्हा मास्क लावा, बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवा, पापी घेऊ नका. तुम्हाला हा त्रास जुना आहे, म्हणजे तुमची प्रतिपिंडं गरोदरपणातच बाळाकडे गेलेली आहेत. अ‍ॅसायक्लोव्हिर लागलं तर अंगावर पाजताना घेता येतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, कातडीवर पाण्याचे फोड दिसले तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि ‘घरात हर्पीस आहे’ हे शब्द स्वतःहून उच्चारा. तेवढ्यानं डॉक्टरांचा वेळ वाचतो.

नंदलालपुऱ्याच्या_काकू | गुरुवार, सकाळी ८:१५

रात्री सगळं वाचलं. सुनेलाही वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाई, तुम्ही मला ‘अनुभव खोटा नाही’ म्हणालात ते बरं वाटलं. माझं तरी मन अजून पूर्ण मानत नाही, पण इतक्याशा जिवाच्या बाबतीत आपला हट्ट नको.

आत्या ताई, एक सुचवते. बारसं बाराव्याच दिवशी हवं असं काही नाही. सव्वा महिन्यानं करणारी पुष्कळ घरं आहेत, आमच्यातही आहेत. आणि रविवारीच करायचं असेल तर चुलत आत्या, मावस आत्या कोणीतरी असेलच. नाव तुझ्या चुलत बहिणीनं कानात सांगावं, तू पाळण्यापासून दोन हात लांब उभी राहून सगळ्यांना मोठ्यानं सांग. पाठीवर धपाटे मात्र तुलाच.

सुदामानगरची_आत्या | गुरुवार, सकाळी ११:३०

काकू, तुमचा निरोप वहिनीला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती रागावली नाही, उलट म्हणाली की मलाही शाळेत असताना येत असत, मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाळाच्या डॉक्टरांनाही तिनं फोन केला, त्यांचंही मत हेच. उज्जैनहून माझी चुलत बहीण येते आहे, कानात ती सांगेल. मी मास्क लावून घुगऱ्या वाटण्याचं काम घेतलं आहे.

फोडात आज पाणी भरलं आहे, पण एरवी तीन-चार झुबके असतात तिथे एकच आहे आणि ठणक बरीच कमी.

पुढच्या वेळेसाठी विचारते: गोळ्या आधीच आणून घरात ठेवता येतील का? दर वेळी चुणचुण सुरू होते ती नेमकी रात्री.

त्वचारोग_इंदूर | गुरुवार, दुपारी १:४५

हो, आणि हे तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला. ज्यांना वारंवार येतो त्यांना मी एका हल्ल्यापुरती गोळ्यांची चिठ्ठी आधीच लिहून देते. एक पाकीट घरी, एक पर्समध्ये. पाकिटावर डोस पेननं लिहून ठेवायचा. दातांचं मोठं काम असेल किंवा उन्हातला प्रवास असेल तर त्याबद्दलही आधी बोलून घ्यावं. वर्षातून सहा-सहा वेळा येत असेल, किंवा फार पसरत असेल, तर रोज कमी डोस काही महिने देतात, अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा. त्यानं येण्याचं प्रमाण घटतं. गोळ्या थांबवल्या की विषाणू पुन्हा डोकं काढू शकतो, कारण मज्जातंतूच्या गाठीत झोपलेल्या विषाणूपर्यंत यातलं एकही औषध पोचत नाही.

खजुरी_बाजार | गुरुवार, दुपारी ४:००

मी लग्न ठरल्यावर रक्ततपासणीचं मोठं पॅकेज केलं. त्यात हर्पीस आयजीजी, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह आली. ओठावर कधी फोड आलेला आठवत नाही. आता होणाऱ्या बायकोला काय सांगू? रात्रभर झोप नाही.

त्वचारोग_इंदूर | गुरुवार, दुपारी ४:४०

शांतपणे झोपा. ती तपासणी एवढंच सांगते की आयुष्यात कधीतरी तुमचा या विषाणूशी संबंध आला. ज्याला त्रास नाही त्याच्यावर ही तपासणी करूच नये, असं माझं ठाम मत आहे. पॅकेजमध्ये ती घालणं बंद व्हायला हवं. ओठाचा हर्पीस डोळ्यांनी बघून ओळखला जातो. शंका आली तर ताज्या फोडाच्या पाण्याची पीसीआर करतात. रिपोर्टवर टाइप १ आहे की टाइप २ ते मात्र पाहून घ्या, आणि दोघं मिळून एकदा डॉक्टरांशी बोला. ओठावर फोड असताना मुखमैथुन टाळायचं, हे सगळ्याच जोडप्यांना माहीत असावं. टाइप १ जननेंद्रियांवरही जातो.

पलासिया_वाचक | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

आईला मागे नागीण झाली होती, त्याच्या अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० च्या गोळ्या उरल्यात. ओठाला चालतील का? माझ्या गालाच्या आत पांढरा व्रण आहे, फार झोंबतो.

औषधवाला_रामबाग | गुरुवार, संध्याकाळी ७:००

नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. औषध तेच असलं तरी डोस जास्त, ८०० मिलिग्रॅम पाच वेळा, सात दिवस. आणि तुमचा व्रण गालाच्या आत, एकटा, पांढरा आहे. ते वर्णन तोंड येण्याचं वाटतं. त्यात हर्पीसचा विषाणू नसतो, त्यामुळे अ‍ॅसायक्लोव्हिरचा काही उपयोग नाही. ओठांच्या कोपऱ्यात दोन्हीकडे चिरा पडतात तेही वेगळं, तिथे लोह, बी जीवनसत्त्वं, बुरशी हे बघावं लागतं. व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर, विशेषतः तंबाखू-गुटखा असेल तर, दाखवायला उशीर करू नका.

जावई_मानपूर | गुरुवार, रात्री ९:१०

सासरे ७४ वर्षांचे, मधुमेह जुना, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं असतं. आज त्यांच्या ओठावर तसाच झुबका आलाय. हा धागा वाचून मी तोच एका दिवसाचा व्हॅलासायक्लोव्हिरचा कोर्स आणायला निघालो होतो.

औषधवाला_रामबाग | गुरुवार, रात्री ९:२०

थांबा. आणू नका.

ही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी मंद असेल तर ती रक्तात साठतात आणि म्हातारा माणूस असंबद्ध बोलायला लागतो, गुंगीत जातो, नसलेली माणसं त्याला दिसतात. घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका आला. अशा वेळी डोस किडनीच्या कामाप्रमाणे बराच कमी करावा लागतो आणि तो डॉक्टरच हिशोब करून सांगतात. आज रात्री फक्त अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम लावा, ते कातडीतून रक्तात नगण्य जातं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असं काही चालू असेल तर ते बंद ठेवून डॉक्टरांना विचारा, त्यानं किडनीवर आणखी ताण येतो. पाणी किती प्यायचं हेही त्यांनाच विचारा, हृदयाचा त्रास असेल तर मनानं वाढवू नका. मधुमेहात फोड हनुवटीपर्यंत पसरले किंवा ताप आला तर उद्याची वाट बघू नका.

जावई_मानपूर | गुरुवार, रात्री ९:३५

देवासारखे भेटलात. गुडघ्याची गोळी रोज चालू आहे. शेवटचं क्रिएटिनिन दिवाळीच्या आसपासचं आहे, ते चालेल?

औषधवाला_रामबाग | गुरुवार, रात्री ९:४०

नाही चालणार, फार जुनं झालं. सकाळी उपाशीपोटी वगैरे काही लागत नाही, लॅब उघडली की रक्त द्या, दुपारपर्यंत रिपोर्ट मिळतो. तो, जुना रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. वजनही सांगा, डोसच्या हिशोबात लागतं.